सांडणीची दोन वाक्यं

गुरांचीही मुलखागणिक वेगळी बोली होती, त्या काळची ही गोष्ट. वाळवंटाकडून आलेला उंटांचा तांडा पुढे निघून गेला आणि पाय मुरगळलेली एक सांडणी गावातल्या गोठ्यात मागे राहिली.

तिथली बोली तिला येईना. मग इतरांचं ऐकून तिने दोन वाक्यं जशीच्या तशी पाठ केली. पाण्यावर गेली की म्हणायची, "जरा सरकता का?" गुरं सरकायची. संध्याकाळी मोरी गाईला विचारायची, "वासरू बरं आहे ना?" आणि उत्तर कळणार नाही म्हणून लगेच मान वळवायची.

खंड्या बैल फिसकन हसायचा. "ही तर आमचीच वाक्यं. स्वतःचं एखादं बोल की!" सांडणीला ते कळायचं नाही. हसू मात्र कळायचं.

एका दुपारी गवताच्या गंजीला पलीकडून आग लागली. उंच मानेच्या सांडणीला एकटीलाच ती दिसली. अलीकडच्या सावलीत मोरीचं वासरू झोपलं होतं. आगीला इथे काय म्हणतात, सांडणीला ठाऊक नव्हतं. तिने होती ती दोन्ही वाक्यं मोडली, हाती आलेले तुकडे जोडले आणि ओरडली, "वासरू सरका! वासरू सरका!"

असलं वाक्य त्या गोठ्यात कुणी कधी बोललं नव्हतं. तरी मोरी धावली आणि ढुशी देऊन तिने वासराला बाहेर काढलं.

संध्याकाळी पाण्यावर खंड्या न सांगताच सरकला. पाणी पिऊन सांडणी मोरीपाशी गेली. "वासरू बरं आहे ना?" तिने रोजच्यासारखंच विचारलं, आणि या वेळी उत्तरासाठी थांबली.