झाकलेले पाय

पुष्कळ वर्षांपूर्वी, कोणत्या राजाच्या अमलात ते आता कोणाला आठवत नाही, खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्यांचे एक गाव होते. गावात एक लहान चर्च होते आणि एक धर्मगुरू होते. लोक त्यांना फादर म्हणत. माणूस मऊ स्वभावाचा. कोणाला नाही म्हणणे त्यांना जमत नसे.

एका वर्षी आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, गावात एक रोग शिरला. आधी तळपायावर काळा डाग उठे. मग एखाद्याला ताप चढे आणि तो दगावे. एखाद्याला काहीच होत नसे. कोण वाचेल आणि कोण नाही, हे वैद्यालाही सांगता येईना. म्हणून लोक डागालाच भिऊ लागले.

पहिला डाग दिसला तो सलोमीच्या पायावर. सलोमी गावची सुईण. निम्म्या गावाची नाळ तिने कापलेली. गावकरी चर्चच्या अंगणात जमले. तिला मिठागरापलीकडच्या ओसाड झोपड्यांत पाठवावे असे ठरले आणि सगळ्यांनी फादरांकडे पाहिले. फादरांना तिची दया आली, पण समोरच्या नजरांची भीती अधिक वाटली.

"थोड्या दिवसांसाठी जा, सलोमीबाई," ते म्हणाले.

सलोमी गाठोडे घेऊन निघाली. तिच्या पाठीमागे गावाच्या मुकादमाने वेशीवर काटे ओढले.

नाताळ आला. गोठ्यात जन्मलेल्या बाळाची कथा फादरांनी वाचली, पण मरियेला उतारशाळेत जागा मिळाली नाही, ही ओळ त्या वर्षी गाळली. तोवर आणखी चौघे झोपड्यांत गेले होते. एक म्हातारे जोडपे, एक कोष्टी आणि त्याची बहीण. सुरुवातीला लोक वेशीवर त्यांच्यासाठी भाकऱ्या ठेवत. पुढे वेशीजवळ जायचीही भीती वाटू लागली आणि भाकऱ्या थांबल्या.

मग एकेक जण पायांना फडकी गुंडाळून हिंडू लागला. नवरा बायकोपासून पाय लपवू लागला. आया लेकरांचे पाय बांधूनच त्यांना निजवू लागल्या. रस्त्यात कोणी जरासा लंगडला, तर शेजारपाजारची दारे लागत.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला. फादरांनी प्रत्येकाच्या कपाळाला राख लावली. घरी येऊन त्यांनी आपले पाय धुतले. अनवाणी तळव्यांना चिकटलेली राख वाहून गेली. डाव्या तळव्यावरचा एक ठिपका मात्र गेला नाही.

त्यांनी तो घासला. रक्त येईपर्यंत घासला. मग पायाला फडके गुंडाळले.

पुढचे चाळीस दिवस त्यांच्या ओठांवर प्रार्थना अनेक होत्या, पण मनात एकच होती. देवा, कोणाला कळू देऊ नकोस. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघाली, तेव्हा पाय ठणकत होता. लंगडणे दिसू नये म्हणून ते दात आवळून चालले.

पवित्र गुरुवार आला. आपल्या शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या दिवशी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. फादरांनी वेदीपुढे बाक मांडला, परात ठेवली, पाणी ठेवले. चर्च भरलेले होते, पण बाकावर येऊन कोणी बसेना. बराच वेळ गेला. शेवटी मुकादम मागून म्हणाला की या वर्षी हा विधी राहू द्यावा.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. फादरांनीही सोडला. आणि आपण तो सोडला हे ध्यानात येताच त्यांना डागापेक्षाही स्वतःची भीती वाटली.

ते स्वतःच बाकावर बसले. त्यांनी पायाच्या फडक्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटली आणि डाग सगळ्यांना दिसला.

"हा राखेच्या बुधवारपासून आहे," ते म्हणाले. "सलोमीबाईंना मी घालवलं आणि मी मात्र इथेच राहिलो. आता माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

माणसे मागे सरकली. मुकादम चालत पुढे आला. हा आता आपल्याला ओढत वेशीबाहेर नेणार, असे वाटून फादरांनी डोळे मिटले. मुकादम त्यांच्या शेजारी बसला आणि आपल्या पायांची फडकी सोडू लागला. त्याच्या दोन्ही तळव्यांवर डाग होते.

मग एक बाई उठली. मग तिचा दीर. चर्चमधल्या निम्म्याहून अधिक पायांवर डाग निघाले. काही जण रडले, काही जण पळून गेले. कोणी कोणाला हाकलायचे, हा प्रश्न मात्र उरला नाही.

दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, वेशीवरचे काटे निघाले. गावकरी झोपड्यांपाशी पोचले, तेव्हा सलोमी दारात बसली होती. अंगात नुसती हाडे उरलेली. कोष्टी आणि त्याची बहीण आत पडून होती. म्हातारे जोडपे नव्हते. झोपडीमागे मातीचे दोन उंचवटे होते.

फादर गुडघ्यांवर बसले. त्यांनी क्षमा मागितली आणि पाय धुऊ देण्याची विनंती केली.

"पाय नंतर धुवा, फादर," सलोमी म्हणाली. "आधी प्यायला पाणी आणा. इथलं सगळं पाणी खारट आहे. मी लांबच्या झऱ्यावरून आणायचे. मी तापात पडले, तेव्हा त्या दोघांना घोटभर द्यायलाही कोणी नव्हतं."

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, घंटा वाजली, तेव्हा तिघांनाही गावकऱ्यांनी डोल्या करून घरी आणले होते. भीती गेली नाही. पुढे सात आठवड्यांनी आलेल्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत गावातले अकरा जण तापाने गेले. फादर त्यांतलेच एक. सलोमी त्यांच्या उशाशी होती. त्या अकरांपैकी एकही जण तहानलेला किंवा एकटा गेला नाही.

लहानांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: स्वतःचे पाय झाकून ठेवणाऱ्याला दुसऱ्याचे पाय धुता येत नाहीत.