झाकणांचा ढीग

एकदा एका वृद्ध तांबटाच्या दारात त्याच्याच हातचे शंभर डबे समुद्रापलीकडून परत आले. डबे एका पेटाऱ्यात, झाकणे दुसऱ्यात. आणि कोणते झाकण कोणत्या डब्याचे, हे तिकडे कुणालाच उमगले नव्हते.

त्या तांबट आळीची रीतच तशी होती. प्रत्येक झाकण आपल्या डब्यावर ठोकून बसवायचे आणि जोडीनेच विकायचे. गावात त्यामुळे कधी कुणाचे अडले नाही. या खेपेला मात्र माल भरताना जोड्या फुटल्या.

माल नेणारा व्यापारी म्हणाला, "तुमच्या आवाक्यातलं काम नाही हे. यापुढे नुसता पत्रा ठोकून द्या, डबे तिकडचे लोक घडवतील." असले सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नसते. शेजारच्या तांबटाने लगेच होकार दिला.

"पत्रा विकायला मी तांबट झालो नाही," वृद्ध म्हणाला, आणि व्यापाऱ्याची पाठ वळताच त्याने शिष्याला विचित्र आज्ञा केली. "गावच्या बाजारासाठी ठेवलेल्या डब्यांचीही झाकणं काढ आणि सगळी एका ढिगात मिसळ."

बारा वर्षे ऐरणीपाशी घालवलेला शिष्य चिडला. "बाबा, गावातून एक तक्रार नाही. चांगल्या जोड्या का मोडायच्या?"

"तक्रार नाही म्हणूनच शिकलो नाही. अर्धा दिवस झाकण जुळवत बसतो आणि त्यालाच कसब म्हणतो आपण! परक्यांनी आपल्याला कसब दिलं नाही, प्रश्न दिला. हात मुळात पक्का आहे, म्हणून उत्तरही आपणच देऊ. शेजाऱ्याचा पत्राही समुद्र ओलांडेल. पण पत्र्याला कोण काय विचारणार, आणि प्रश्नच नाही तर तो शिकणार काय?"

त्याने मापासाठी एक लोखंडी कडे घडवले. प्रत्येक डब्याचे तोंड आणि प्रत्येक झाकण त्याच मापाचे, गावासाठीही तेच. पहिल्या महिन्यात निम्मा माल वाया गेला, मनगटे सुजली, आळी हसली. वर्ष सरताना तेवढेच हात दिवसाला दीडपट डबे घडवू लागले. शेजारी पत्राच ठोकत होता, पूर्वीइतकाच.

व्यापारी पुन्हा आला. "पत्रा कमी पडतोय. आता तरी देणार ना?"

शिष्याने वृद्धाकडे पाहिले. मग ढिगातून न बघता एक झाकण उचलले आणि हाताशी आलेल्या डब्यावर ठेवले. ते अलगद बसले.

"पत्रा शेजारी मिळेल, शेठ," तो म्हणाला. "इथे डबे मिळतात."