विणकर वारला, असं शेठ म्हणाला

माणदेशातल्या एका गावात रेवाप्पा संगर नावाचा विणकर राहत होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसे आणि घोंगड्या विणी. त्याची बायको शेवंता लोकर कातून देई, सुताला लावायला चिंचोक्याची खळ शिजवी. चार-पाच दिवसांत एक घोंगडी तयार होई. काळीभोर, आणि काठाला पांढऱ्या लोकरीची बारीक रेघ. ती रेघ रेवाप्पासारखी दुसऱ्या कुणाला साधत नसे.

तालुक्याच्या गावी मल्लिनाथ नावाचा व्यापारी होता. त्याला सगळे मल्लूशेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता. गावोगावी गिरणीची ब्लँकेटं पोचली आणि घोंगडीला कुणी विचारीना, तेव्हा बाकीच्या व्यापाऱ्यांनी हात वर केले. मल्लूशेठने मात्र रेवाप्पाच्या दहा घोंगड्या उचलल्या आणि मुंबईच्या एका प्रदर्शनात नेऊन मांडल्या. तिथे नॉर्वेहून आलेल्या इंग्रिड नावाच्या बाईंनी त्या सगळ्या विकत घेतल्या. पुढच्या साली त्यांनी चाळीस मागवल्या, त्याच्या पुढच्या साली साठ.

"शेठ, माझी घोंगडी तुमच्यामुळं समुद्रापार गेली," रेवाप्पा भेटेल त्याला सांगायचा.

त्यानंतरच्या वर्षी इंग्रिडबाईंचं पत्र आलं. त्या स्वतः येणार होत्या. पत्र वाचून मल्लूशेठ धास्तावला. बाई रेवाप्पाला भेटतील, त्याचा पत्ता घेतील, मग मधे आपलं काय काम उरलं? आठ दिवस त्याला दुसरं काही सुचलं नाही.

बाई आल्या. बरोबर दुभाषा होता. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला विणकराला भेटायचंय. साऱ्या घोंगड्या एकाच हातच्या आहेत. काठावरून कळतं."

"तो वारला," मल्लूशेठ म्हणाला. "गेल्याच महिन्यात."

बोलल्यावर त्याचा त्यालाच धक्का बसला. एवढं मोठं खोटं त्याने ठरवलं नव्हतं.

बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी पायांतले बूट काढले आणि हात जोडून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

निदान एवढं तरी खरं सांगावं असं मल्लूशेठला वाटलं. त्याने नाव सांगितलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

"त्यांच्या हाताखाली कुणी शिकलं होतं?"

"कुणी नाही." हेही खरंच होतं.

बाई म्हणाल्या, "मी तुम्हा दोघांना विचारायला आले होते. आमच्याकडे लोकरकामाची शाळा आहे. त्यांनी तीन महिने तिथे येऊन शिकवावं आणि मग तुम्ही इथे दहा माग घालावेत, असं मनात होतं. देशोदेशी माल गेला असता. तुम्हा दोघांपैकी एकाला वगळून ते होण्यासारखं नव्हतं."

'बाई, थांबा, तो जिवंत आहे,' एवढंच मल्लूशेठने म्हणायचं होतं. पण लाज आड आली, आणि दाराशी उभी असलेली गाडी निघून गेली.

मागणी थांबली. रेवाप्पा नवी घोंगडी घेऊन दुकानात आला. "बाईंचं काय कळलं का, शेठ?"

"तिकडे मंदी आहे," मल्लूशेठ म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग यायचा बंद झाला.

वर्षभराने इंग्रिडबाईंच्या शाळेची एक पुस्तिका आली. मल्लूशेठने ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. पहिल्याच पानावर घोंगडीचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की, ही कला जपणारा रेवाप्पा संगर आता हयात नाही, त्याला आमचा नमस्कार. मास्तरांनी चमकून विचारलं, "रेवाप्पा कधी गेला?"

मल्लूशेठ उठला तो थेट रेवाप्पाच्या गावी गेला. ओसरीवर मागाचा खड्डा नव्हता. तो बुजवून वर शेण सारवलं होतं. रेवाप्पा भिंतीला टेकून बसला होता. त्याने उठून नमस्कार केला, तेव्हा मल्लूशेठला त्याचा उजवा हात दिसला. दोन बोटं नव्हती.

"खडीच्या मशीनवर कामाला गेलतो," रेवाप्पा म्हणाला. "इणून पोट भरंना, मग काय करणार?"

मल्लूशेठने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. शेवंता दारात उभी राहून ऐकत होती. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

रेवाप्पाने ती गेली त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेठ, ती बाई माझ्या दारात आली असती, तरी मी तिला म्हणालो असतो, आधी आमच्या शेठला इचारा. एवढी पण ओळख नव्हती व्हय तुमाला माझी?"

मल्लूशेठला मान वर करवेना. "मी आजच बाईंना पत्र लिहितो," तो कसाबसा म्हणाला.

"लिवा," रेवाप्पा म्हणाला. "मी जित्ता हाय, हे कळू दे तिला. पण हाताचंबी लिवा."

मल्लूशेठ दुकानात येऊन लिहायला बसला. पहिलं वाक्य लगेच लिहून झालं. दुसरं लिहिता लिहिता संध्याकाळ झाली.

तात्पर्य: ज्याच्या कसबावर आपला व्यापार उभा आहे, त्याला जगापासून दडवू नये; अविश्वासापायी केलेलं नुकसान खरं बोलूनही पुरतं भरून निघत नाही.