चावी दिली की संपलं

गाडी विकेपर्यंत मुजावरबाईंना ‘ताई, ताई’ करणारे शोरूमचे मालक शिंत्रे आज त्यांच्यावरच खेकसले. नव्या गाडीचा ब्रेक नीट लागत नाही, एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

"चावी दिली की आपला संबंध संपला!"

बाईंना गाडी विकणारी यामिनी आतून धुमसत होती.

तेवढ्यात बडे कंत्राटदार जाचकअण्णा गाडी न्यायला आले. गाडीला हार घातला, चाकापुढे नारळ ठेवला. शिंत्र्यांनी हसत चावी पुढे केली.

यामिनी मध्ये आली. "थांबा साहेब! आत्ताच तुम्ही या बाईंना सुनावलंत, चावी दिली की संबंध संपला. मग अण्णांशी इतक्यात कशाला संपवता?"

अण्णांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आधी बाईंचा ब्रेक दुरुस्त करा. माझा नारळ मग फोडू."