कलमाला जामीन

“…आणि धाकूबाबांनी म्हणे कुऱ्हाडीला धार लावून घेतली. आज भालचंद्राला…”

एवढ्यात गिरण सुरू झाली. यमुनावहिनीचे नुसते ओठ हलताना दिसले.

आता अर्धी बातमी घेऊन घरी कोण जाईल? दळणाचा डबा तिथेच ठेवला आणि मठाकडे निघाले. मठ काय, आमच्या परड्याला लागूनच.

मठ धाकूबाबांचा, आणि भालचंद्र हा त्यांचा शिष्य. मठात येऊन अकरा वर्षं झाली. प्रवचनाला बसला की ऐकणाऱ्याची चहाची वेळ टळते.

मठाच्या अंगणात हापूसचं एक कलम आहे, तेही अकरा वर्षांचंच. पानांनी गच्च, पण मोहोर कधी आला नाही. आमच्या गावात पोरांच्या फीपासून घराच्या कौलांपर्यंत सगळं आंब्यावर चालतं. न धरणारं झाड इथे कुणी ठेवत नाही. ते तोडून तिथे प्रवचनाला मांडव घालायचा, असं भालचंद्राने ठरवलं होतं.

मी कुंपणाशी पोचले तेव्हा कुऱ्हाड बाबांच्या हातात होती.

“फळाची आशा धरू नये, असं परवा कोण सांगत होतं रे?”

“मीच. पण ते माणसांसाठी, बाबा. झाडाने फळ द्यायलाच हवं.”

“बरं. तोडू. आधी रीत करू.”

रीत आमच्याकडची जुनी. न धरणाऱ्या झाडावर एकाने कुऱ्हाड उगारायची, ‘तोडतो’ म्हणायचं. दुसऱ्याने मधे पडून जामीन राहायचं, ‘नको, पुढच्या वर्षी धरेल.’ झाड घाबरतं म्हणे.

“हा शुद्ध अडाणीपणा आहे,” भालचंद्र म्हणाला.

“आहे. तू तिथे उभा राहा.”

तो खोडाला टेकून उभा राहिला. बाबांनी कुऱ्हाड उचलली… आणि त्याच्याकडेच वळवली.

“अकरा वर्षं झाली. नुसती पानंच पानं. तोडतो!”

“बाबा!”

“झाडाने मधे बोलायचं नसतं.”

…

काही बोलायचं नाही, असं ठरवूनच मी आले होते. पण कुऱ्हाड आणखी वर गेली आणि माझ्या तोंडून निघालंच, “नको हो बाबा! धरेल तो पुढच्या वर्षी!”

“कोण, इंदू? जामीन राहतेस?”

“हो… राहते.”

“बोलणं कमी करेल?”

“तेवढं नाही सांगता येत, बाबा.”

बाबांनी कुऱ्हाड खाली केली. म्हणजे यमुनावहिनीची बातमी निम्मी खरी. कुऱ्हाड उगारली भालचंद्रावरच, पण लागली कुणालाच नाही.

भालचंद्र घामाने भिजला होता. बाबांनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली.

“आता झाड.”

तो वर पानांकडे बघत राहिला. मग त्याने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली.

“नको, बाबा. धरेल ते पुढच्या वर्षी. मी जामीन राहतो.”

“तुझीच मुदत चालू आहे. तुझा जामीन मी कसा घेऊ?” बाबा आत जाता जाता म्हणाले, “झाडालाच विचार, जामीन म्हणून चालतोस का.”