कुरडयांच्या चिकाची पिशवी

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्यं लहान असत आणि तळी मोठी.

अशाच एका तळ्याकाठच्या राज्यात दूरदेशीचा एक व्यापारी चकचकीत पिशव्या घेऊन आला. पिशवी हलकी, थेंबभर पाणी गळत नाही, वर्षानुवर्षं कुजत नाही. लोक हरखून गेले. पण मुलांनो, जे कुजत नाही ते जाणार कुठे? पिशव्या शेतात साचल्या, तळ्यात तरंगल्या, गुरांच्या पोटात गेल्या. कुरडया विकणाऱ्या सगुणाबाईची गाय अशीच पोट फुगून मेली.

राजाने दवंडी पिटवली, "मातीत मिसळून जाईल अशी पिशवी जो करील, त्याचा भर दरबारात सन्मान होईल."

गव्हाचा चीक ताटात वाळला की त्याचा आरपार दिसणारा पापुद्रा सुटतो, हे सगुणाबाई रोज पाहत होती. तिने चिकात डिंक घातला. पापुद्रा कडकन मोडला. मध घातला, तेव्हा तो वाकू लागला, पण पाण्यात विरघळला. शेवटी झाडाची राळ वितळवून घातली आणि पिशवीत पाणी टिकलं.

तिने एक पिशवी उकिरड्यात पुरली, दुसरी दगडाला बांधून तळ्यात सोडली. चाळीस दिवसांनी उकिरडा उकरला, तर पिशवीचा मागमूस नव्हता! राजाला वर्दी गेली, सन्मानाचा दिवस ठरला.

मग ती तळ्यावर गेली. तिथली पिशवी जशीच्या तशी होती, आणि आत कासवाचं एक पिल्लू अडकून मेलं होतं. सगुणाबाई पायरीवर बसून रडली.

सोबत आलेली तिची सून म्हणाली, "आत्याबाई, उकिरड्यात विरली ना? तळ्यात कोण बघायला जातंय?"

"मी बघितलंय ना," सगुणाबाई म्हणाली.

भरल्या दरबारात तिने तळ्यातली ती पिशवी राजापुढे ठेवली आणि घडलेलं सांगितलं. राजाच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बाई, एवढे लोक जमलेत. त्यांना काय सांगू?"

"अजून जमलं नाही, असं सांगा महाराज. पिशवी टाकणारा माणूस उकिरडा शोधत नाही, चालता चालता कुठेही टाकतो."

राजाने पिशवी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "सन्मानाची शाल ठेवून द्या. बाईंना हवा तेवढा वेळ द्या."

दोन वर्षं गेली. राळ कमी करत करत, शेवटी पाणी टिकवायचा हट्ट सोडून, तिने ती पार काढून टाकली. नवी पिशवी मातीत विरली, तळ्यात विरली. एक तुकडा तिने स्वतः खाऊन पाहिला, मगच वासरापुढे टाकला.

बाजारात ती प्रत्येकाला सांगे, "धान्य न्या, भाजी न्या. पाणी मात्र राहणार नाही, त्याला मडकंच आणा."

लोकांनी त्या पिशव्या डोळे मिटून घेतल्या. व्यापाऱ्याच्या गाठोड्याकडे कुणी फिरकेना, तेव्हा तो आपल्या वाटेने निघून गेला.

आपल्या कामातली उणीव जो स्वतः आधी सांगतो, त्याच्याच कामावर लोक विश्वास ठेवतात.