आणखी एक ग्रह

फार फार पूर्वी, माणसं नावेत बसून एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर सहज जात-येत, त्या काळची ही गोष्ट. आभाळाच्या एका टोकाला एक लहानसा ग्रह होता. तिथवर ऊन पोचत नसे. गावाच्या मधोमध एक मोठी भट्टी धगधगत असायची. तिच्या उबेवरच शेतं पिकत आणि माणसं जगत.

एकदा त्या भट्टीला भेग पडली. ती सांधायला निळा धातू हवा, आणि तो दूरच्या ग्रहांवर क्वचितच सापडतो. गावची लोहारीण भिवरा म्हणाली, "मी घेऊन येते." खंडू तांडेल हा म्हातारा नावाडी तिच्यासोबत निघाला.

कितीतरी ग्रह पालथे घातले. कुठे नुसतं लोखंड, कुठे विषारी वारा. शेवटी एका वादळी ग्रहावरच्या गुहेत मशालीच्या उजेडात भिंत निळी चमकली. भिवराने घण घातला. ओंजळभर धातू निघाला.

"झालं काम," खंडूमामा म्हणाला. "भेग वीतभर आहे. एवढ्यात सांधून उरेल. चल परत."

भिवराने धातू उजेडात फिरवून पाहिला. "मामा, यात माती मिसळलेली दिसते. पुढच्या ग्रहावर चोख मिळेल."

पुढे चोख मिळाला. पण तिथल्या डोंगरामागे जांभळी चमक दिसली. जांभळ्याने भट्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असं तिच्या मनाने घेतलं. जांभळा मिळाला, तोवर तिला पांढऱ्याचा ध्यास लागला होता. घास हातात तसाच ठेवून ती उठे आणि आभाळ न्याहाळत बसे. धातूने भरलेल्या पोत्यांकडे ती बघतही नसे.

"घरी तुझी बहीण वाट बघत असेल," मामा म्हणे.

"आणखी एकच ग्रह," ती म्हणे.

नाव जड होऊन पुढे जाईना, तेव्हा कुठे ती परत फिरली.

गावावर धूर दिसला नाही. भट्टी विझली होती. गार होता होता भेग वरपासून खालपर्यंत गेली आणि भट्टी दुभंगली. धक्क्यावर तिची बहीण कौतिका उभी होती. तिच्यामागे काही म्हातारी माणसं घोंगड्या पांघरून बसली होती.

"बाकीचे शेजारच्या ग्रहावर आसऱ्याला गेले," कौतिका म्हणाली. "आमच्यापुरती नाव उरली नाही. धातू मिळाला का?"

"मिळाला."

"कधी?"

भिवरा नावेकडे वळली.

नावेत माणसांना बसायला जागा नव्हती. भिवरा पोती ओढून एकेक करून बर्फावर रिकामी करू लागली. निळा, जांभळा, पांढरा, सगळा धातू खाली गेला. कोणी तिला थांबवलं नाही, आणि कोणी रागावलंही नाही. तेच तिला जास्त लागलं. मग तिने म्हाताऱ्यांना हात देऊन आत बसवलं.

तो ग्रह पुन्हा कधी पिकला नाही. धातूचा ढीग तिथे अजून पडून आहे म्हणतात, पण तो वितळवायला तिथे विस्तव नाही.

लहानांनी आणि थोरांनीही मनात ठेवावं ते एवढंच: ज्या कामासाठी निघालो, त्यापुरतं हाती आलं की परत फिरावं.